प्रमाणपत्र मिळालं, आता बाकीचे कागद: लिंगबदलानंतर नोंदी आणि खाती कोणत्या क्रमाने बदलावीत

ट्रान्सजेंडर व्यक्ती म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र हातात पडलं की पुढचं सगळं सुरळीत होईल, असं बहुतेकांना वाटतं. पण खरी धावपळ तिथून सुरू होते. आधार केंद्रावर दुसरा पुरावा मागतात, बँक गॅझेट (नावबदलाची नोटीस छापलेलं शासनाचं राजपत्र) मागते, विद्यापीठ म्हणतं आधी दहावीचं प्रमाणपत्र बदला, शाळा म्हणते आधी जन्मदाखला आणा. प्रत्येक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवते. यातून सुटायचं असेल तर क्रम नीट लावावा लागतो. आज बदललेला कागद उद्याच्या कार्यालयात पुरावा म्हणून चालला पाहिजे, आणि जुनं नाव व नवं नाव एकाच माणसाचं आहे हे दाखवणारा दुवा कुठेही तुटता कामा नये. हा लेख ट्रान्स स्त्रिया, ट्रान्स पुरुष आणि तृतीयपंथी म्हणूनच नोंद ठेवू इच्छिणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, पण केंद्राच्या कागदांचा भाग देशभर लागू पडेल.

पाया थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या ओळखीला मान्यता दिली. त्यानंतर ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा 2019 आला आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याचे नियम 2020 मध्ये आले. कलम 6 खाली मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद असते. वैद्यकीय उपचारानंतर कलम 7 खाली ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असं सुधारित प्रमाणपत्र मिळतं. अर्ज सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय पोर्टलवर होतो. कायद्यात आणि नियमांत दुरुस्त्या होत राहतात, त्यामुळे कुठलाही अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरचा चालू मजकूर उतरवून घ्या आणि फाईलला लावा. खिडकीवर वाद झाला तर तोच कामी येतो.

कुठलाही फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी ठरवा

पहिली गोष्ट, कागदांवर लिंगाची नोंद काय हवी. सध्या ‘ट्रान्सजेंडर’ प्रमाणपत्र आहे आणि पुढे सुधारित प्रमाणपत्र घ्यायचं मनात आहे, असं असेल तर घाई करू नका. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं, लिंगाची नोंद मात्र एकदाच. आज ‘ट्रान्सजेंडर’ केलं आणि दोन वर्षांनी ‘स्त्री’ करायला गेलात तर साधा अर्ज फेटाळला जातो आणि अपवाद म्हणून वेगळी मागणी करावी लागते. ते होत नाही असं नाही, पण त्रास बराच आहे. ज्यांना लवकर सुधारित प्रमाणपत्र मिळणार आहे त्यांनी आधारमधली लिंगनोंद तोवर थांबवलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. याउलट काही जणांना ‘ट्रान्सजेंडर’ हीच नोंद कायम हवी असते, काही योजनांचा लाभही त्या प्रमाणपत्रावर मिळतो. हा निर्णय ज्याचा त्याने करायचा. घरचे, क्लार्क किंवा मित्रमंडळी तो तुमच्या वतीने करू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट, पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे नाव म्हणजे पहिलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे येतं, पॅनवर मागे, बँकेत कधी मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर. आता नवं नाव घेतानाच ही सगळी विसंगती निकालात काढायची संधी आहे. कायद्यात प्रमाणपत्राच्या आधारे ‘पहिलं नाव’ बदलण्याचा हक्क दिला आहे. वडिलांच्या जागी आईचं नाव लावायचं असेल किंवा आडनाव सोडायचं असेल तर नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही, राजपत्र लागतं. घरातून तुटलेल्या कित्येकांना मधलं नाव फार बोचतं, हे मला ठाऊक आहे. पण ते बदलायचं असेल तर आत्ताच, पहिल्या बदलासोबत बदला. नंतर वेगळं बदलायला गेलात तर आधारची दुसरी आणि शेवटची संधीही संपते.

इंग्रजी स्पेलिंगही एकच ठरवा. ‘आर्या’ लिहिताना सुरुवातीला ए एकदा घ्यायचा की दोनदा, ‘श्रुती’च्या शेवटी आय की डबल ई, एवढ्याशा फरकावरून पॅन आणि आधार जुळत नाहीत. एका कोऱ्या कागदावर देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत नाव मोठ्या अक्षरात लिहा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक ऑपरेटरला तोच दाखवा. तोंडी सांगू नका.

फाईल

जुने कागद फाडू नका, जाळू नका, परत देऊ नका. जुनं नाव पुन्हा बघायची इच्छा नसते, ते समजण्यासारखं आहे. ते कागद एका बंद पाकिटात घालून विश्वासातल्या माणसाकडे ठेवायला द्या, पण असू द्या. जिथे मूळ कागद जमा करावाच लागतो, तिथे आधी रंगीत स्कॅन आणि सत्यप्रत काढून घ्या.

रोजच्या फाईलमध्ये एवढं हवं: ओळख प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, राजपत्राची प्रत, ‘जुन्या नावाची आणि नव्या नावाची व्यक्ती एकच आहे’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, जुनं आणि नवं आधार, जुना आणि नवा पॅन, फोटो. प्रतिज्ञापत्राच्या तीन-चार मूळ प्रती एकदमच करून घ्या, कारण काही ठिकाणी झेरॉक्स चालत नाही. त्यात जन्मतारीख, पॅन, आणि आधारचे शेवटचे चार अंक यावेत. नाव बदललं तरी हे आकडे बदलत नाहीत, आणि ओळखीचा खरा धागा तोच आहे.

2020 च्या नियमांतली एक तरतूद पाठच करून ठेवा: सुधारित कागदावर मूळ कागदाचाच अनुक्रमांक किंवा संदर्भ क्रमांक असावा, आणि प्रमाणपत्रासह अर्ज केल्यापासून 15 दिवसांत संबंधित कार्यालयाने नाव, लिंग, फोटो यांतला बदल करून द्यावा. कुठल्या कागदांना हे लागू होतं त्याची यादी नियमांच्या परिशिष्टात आहे. जन्मदाखला, जातीचा दाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, पॅन, आधार, पासपोर्ट, बँकेचं पासबुक अशी ती यादी आहे. तिची छापील प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

राजपत्र, म्हणजे बोलीतलं गॅझेट

कायद्याने पाहिलं तर पहिलं नाव बदलायला प्रमाणपत्र पुरेसं आहे. तरीही मी राजपत्र करून घ्याच असं सांगेन. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत नावबदलाचा पुरावा म्हणून राजपत्राचा उल्लेख आहे, त्यामुळे बँकेतल्या माणसाला तो कागद ओळखीचा असतो. ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र मात्र अनेकांनी आयुष्यात पाहिलेलं नसतं. वाद घालून जिंकण्यापेक्षा राजपत्र पुढे करणं सोपं.

महाराष्ट्रात हे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे. अर्ज ऑनलाइन होतो, फी भरायची, आणि नावबदलाची नोटीस महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते. अर्जात जुनं नाव, नवं नाव आणि कारण द्यायचं असतं. इथे स्पेलिंग चुकलं तर ती चूक पुढे प्रत्येक कागदात उतरते, म्हणून पैसे भरण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. छापून आल्यावर त्या अंकाचं पूर्ण पान उतरवून ठेवा, नुसतं आपलं नाव असलेलं कात्रण नको. अंकाची तारीख आणि पृष्ठ दिसलं पाहिजे. गोव्यात नाव-आडनाव बदलासाठी 1990 चा वेगळा कायदा आहे, तिथल्या रहिवाशांनी त्यानुसार जावं.

आधार

सगळ्यात आधी आधार, कारण पुढची बहुतेक खाती त्यावरूनच पडताळली जातात. ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र आधारसाठी मान्य कागदांच्या यादीत आहे. तरी पहिलं नाव पूर्ण बदलत असेल तर राजपत्र आणि जुन्या नावाचा एक फोटो-पुरावा सोबत न्या. आधार सेवा केंद्राची ऑनलाइन वेळ घेऊन जा. गल्लीतल्या केंद्रावर हे काम क्वचितच होतं, सेवा केंद्रावर ऑपरेटरला हे प्रकार माहीत असण्याची शक्यता जास्त.

नाव, लिंग आणि फोटो एकाच भेटीत करून घ्या. पत्त्याच्या ओळीत जुन्या कार्डावर ‘अमक्याचा मुलगा’ किंवा ‘अमकीची मुलगी’ असं छापलेलं असेल तर तिथे नुसतं ‘द्वारा’ करून घ्या, नाहीतर नाव-लिंग बदलूनही ती ओळ जुनीच बोलत राहते. ऑपरेटर नोंद पक्की करण्याआधी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि दोन्ही लिपींतलं नाव अक्षरशः वाचा. मराठी नाव संगणक स्वतःच्या मनाने उमटवतो, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची गडबड होते. पावतीवरचा क्रमांक जपून ठेवा.

मर्यादा संपली म्हणून अर्ज फेटाळला गेला तर 1947 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि फेटाळल्याची पावती, प्रमाणपत्र व राजपत्रासह प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून मागणी करा. बदल झाल्यावर माय-आधारवरून ‘अपडेट हिस्टरी’ उतरवून घ्या. त्यात जुनं आणि नवं नाव एकाच आधार क्रमांकाखाली दिसतं, आणि सरकारी यंत्रणेनेच दिलेला तो दुवा असतो.

पॅन

आधार बदललं की लगेच पॅन. दोन्हीत फार अंतर ठेवू नका, कारण नाव-लिंग जुळलं नाही तर आधार-पॅन जोडणी अडते, पॅन निष्क्रिय झाला तर टीडीएस जास्त कापला जातो आणि परतावा अडकतो. म्हणून हे काम विवरणपत्र भरायच्या दिवसांत काढू नका. गृहकर्जाचा किंवा व्हिसाचा अर्ज चालू असेल तर तो निकाली लागेपर्यंत थांबा.

अर्ज ‘नवा पॅन’ असा नाही, ‘माहितीत बदल किंवा दुरुस्ती’ असा करायचा. नवं आयुष्य, नवा पॅन असा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. दोन पॅन बाळगल्याबद्दल 10,000 रुपयांचा दंड होऊ शकतो, आणि जुना आर्थिक इतिहासही तुटतो. फॉर्मवर प्रत्येक रकान्याच्या डावीकडे एक छोटी चौकट असते. जी माहिती बदलायची तिथेच टिक करायची. नाव, लिंग, फोटो आणि सही या चार ठिकाणी टिक राहून गेली की नुसतं लिहिलेलं धरलं जात नाही. पॅनच्या फॉर्मवर ट्रान्सजेंडर हा पर्याय 2018 पासून आहे. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र पॅनसाठी ग्राह्य धरण्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयासमोर 2024 मध्ये आला होता आणि केंद्र सरकारने ते मान्य केलं. एखाद्या सुविधा केंद्रावर अडवलं तर हे शांतपणे सांगा.

बँक

बँकेला जाताना नवं आधार, नवा पॅन आणि राजपत्र असे तिन्ही कागद हातात असू द्या. एकेक कागद घेऊन तीनदा जाण्यात काही अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेने 23 एप्रिल 2015 रोजीच बँकांना सगळ्या फॉर्मवर तृतीय लिंगाचा पर्याय द्यायला सांगितलं आहे.

शक्य असेल तर मूळ शाखेत, दुपारी गर्दी ओसरल्यावर जा. आणि काउंटरवर तोंडी कहाणी सांगू नका. तुमच्यामागे रांगेत वीस माणसं उभी असतात, काचेपलीकडचा माणूस मोठ्याने विचारतो, ‘हे नाव कोणाचं? तुम्ही कोण?’, आणि सगळ्या माना वळतात. हे टाळायचं असेल तर थेट शाखा व्यवस्थापकाच्या टेबलावर जाऊन पत्र द्यायचं. पत्र असं:

‘माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा 2019 अन्वये मला ओळख प्रमाणपत्र मिळाले असून माझ्या नावात व लिंगनोंदीत बदल झाला आहे. खाते, ग्राहक क्रमांक व केवायसी नोंदीत पुढीलप्रमाणे बदल करावा: जुने नाव, नवे नाव, लिंग. बदल झाल्यावर पासबुक, धनादेशपुस्तिका, डेबिट कार्ड व नेट बँकिंगवरील नाव बदलून द्यावे. ही माहिती गोपनीय ठेवावी व बोलावताना नव्या नावाने किंवा टोकन क्रमांकाने बोलवावे. सोबत साक्षांकित प्रती जोडल्या आहेत. अर्जाची पोच द्यावी.’

पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख. ती घेतल्याशिवाय उठू नका.

बदल ‘ग्राहक क्रमांकावर’ झाला पाहिजे, नुसत्या खात्यावर नाही. नाहीतर बचत खातं बदलतं आणि मुदत ठेव, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड जुन्याच नावाने राहतं. सही बदलायची असेल तर त्याच दिवशी नवी नमुना सही द्या, पण आधी दिलेले आणि अजून न वटलेले धनादेश लक्षात घ्या. ते जुन्या सहीचे आहेत, परत येतील. घरभाड्याचे किंवा हप्त्याचे पुढच्या तारखांचे धनादेश दिले असतील तर आधी ते बदलून घ्या. पगार, गॅसचं अनुदान, शिष्यवृत्ती यांत खाते क्रमांक तोच राहतो म्हणून सहसा खंड पडत नाही, तरी पहिल्या महिन्यात लक्ष ठेवा. नामनिर्देशनही याच वेळी तपासा. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं आहे की एलजीबीटीक्यू समुदायातल्या व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलंही बंधन नाही.

सहकारी बँका आणि पतपेढ्यांत अनुभव वेगवेगळा येतो. गावातल्या पतपेढीत सगळे ओळखीचे, त्यामुळे तिथे अडचण कागदाची कमी आणि गावभर चर्चेची जास्त. खातं फार महत्त्वाचं नसेल तर ते बंद करून रक्कम बँकेत वळवणं हा सन्मानाचा मार्ग आहे.

मोबाइल आणि यूपीआय

हे लोक सगळ्यात शेवटी करतात, मी बँकेच्या पाठोपाठ करायला सांगते. किराणा दुकानात कोड स्कॅन करून साठ रुपये पाठवले की दुकानदाराच्या मोबाइलवर जे नाव येतं ते बँकेच्या नोंदीतलं. गुगल पे किंवा फोनपेमध्ये प्रोफाइलचं नाव बदललं तरी हे नाव बदलत नाही. बँकेत बदल झाल्यावर अ‍ॅपमधून बँक खातं काढून पुन्हा जोडा, आणि एका मित्राला एक रुपया पाठवून त्याच्या स्क्रीनवर काय दिसतं ते पाहा. यूपीआय आयडीतच जुनं नाव असेल तर नवा आयडी करून जुना बंद करा.

सिम कार्डाच्या मालकाचं नाव कंपनीच्या दालनात नव्या आधारवर केवायसी करून बदलतं. सिम वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्या, कारण ओटीपी ज्याच्या हातात त्याच्या हातात तुमची सगळी खाती. ट्रूकॉलरवर लोकांनी जुन्या नावाने क्रमांक जतन केलेले असतात. तिथे स्वतः प्रोफाइल बनवून नाव दुरुस्त करा किंवा क्रमांक यादीतून काढून टाका. ई-मेलचा पत्ता जुन्या नावाचा असेल तर नवा उघडा, पण जुना निदान वर्षभर चालू ठेवा. कुठल्या कुठल्या खात्यांचे पासवर्ड तिथे येतात ते तेव्हाच कळतं.

नोकरी आणि भविष्य निर्वाह निधी

मनुष्यबळ विभागाला अर्ज देताना यादी करून द्या: पगारपत्रक, फॉर्म 16, ओळखपत्र, ई-मेल, गटविमा, हजेरी यंत्रणा. नाहीतर ओळखपत्र नवं आणि मीटिंगच्या आमंत्रणात नाव जुनं असं होतं. कायद्याच्या कलम 11 नुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याचं नाव विचारून घ्या.

पीएफसाठी, यूएएन (पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक) 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारशी पडताळलेला असेल तर नाव, लिंग यांसारखी माहिती सदस्य पोर्टलवरून स्वतः दुरुस्त करता येते. ही सवलत जानेवारी 2025 मध्ये आली. जुन्या यूएएनसाठी मालकाच्या मंजुरीने संयुक्त घोषणापत्र भरावं लागतं. पूर्वीच्या नोकरीतला पीएफ वेगळ्या खात्यात पडून असेल तर नाव बदलण्याआधी तो वर्ग करून घेतलेला चांगला. दोन खात्यांत दोन नावं झाली की रक्कम वर्ग करताना अडते.

आधीच्या मालकांकडून अनुभवपत्रं नव्या नावाने मागून बघा. पुष्कळ जण देतात. कंपनी बंद झाली असेल तर जुनं पत्र आणि प्रतिज्ञापत्र एकत्र जोडायचं, दुसरा इलाज नाही.

विमा आणि गुंतवणूक

डिमॅट आणि म्युच्युअल फंडासाठी केवायसीची नोंद एका ठिकाणी बदलली की बाकीच्यांकडे पोहोचते, पण प्रत्येक फंडात नाव बदललं का हे तपासावं लागतं. विम्याच्या बाबतीत मात्र लेखी कळवाच. आयुर्विम्याचा हप्ता ठरवताना लिंग पाहिलं जातं, आणि माहिती दडवली असा मुद्दा दाव्याच्या वेळी वारसांपुढे उभा राहायला नको. आरोग्य विम्यात आणखी एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही: ट्रान्स पुरुषाची पॉलिसीत ‘पुरुष’ अशी नोंद झाल्यावर गर्भाशयाशी संबंधित उपचाराचा दावा, किंवा ट्रान्स स्त्रीचा प्रोस्टेटशी संबंधित दावा, संगणकात विसंगत म्हणून अडकू शकतो. नोंद बदलतानाच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या आणि रुग्णालयाच्या विमा कक्षाला आधीच कल्पना द्या. रुग्णालयातल्या जुन्या फाईली नव्या नावाशी जोडून घ्यायला विसरू नका. जुने रिपोर्ट डॉक्टरला दिसले नाहीत तर नुकसान तुमचंच.

पासपोर्ट, मतदार यादी, परवाना, शिधापत्रिका

पासपोर्टसाठी ‘वैयक्तिक माहितीत बदल’ या कारणाने पुनर्जारीचा अर्ज करायचा. कुठले कागद लागतील ते पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर तुमच्या प्रकारानुसार दिसतं, त्याची छापील प्रत भेटीला न्या. इथे क्रमांक बदलतो, हे लक्षात ठेवा. जुन्या पासपोर्टवर वैध व्हिसा असेल तर रद्द केलेला जुना पासपोर्ट परत मागून घ्या, आणि त्या देशाच्या दूतावासाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी अर्ज तिथल्या भारतीय दूतावासामार्फत करावा आणि राहत्या देशाच्या परवान्यावरचं नावही त्याच सुमारास बदलून घ्यावं.

मतदार यादीसाठी नमुना 8. तो ऑनलाइन भरता येतो, ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. केंद्रस्तरीय अधिकारी पडताळणीला घरी येऊ शकतात, तेव्हा घरच्यांना किंवा घरमालकाला काय सांगायचं ते आधी ठरवा. वाहन परवाना परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर, गाडीचं नोंदणीपत्र ‘वाहन’ पोर्टलवर. शिधापत्रिकेसाठी तहसील किंवा शिधावाटप कार्यालय. घरातून वेगळे राहत असाल तर नाव बदलण्याबरोबर नाव कमी करून स्वतंत्र कार्डाचीच मागणी करा.

शाळा, मंडळ, विद्यापीठ, जन्मदाखला

सगळ्यात चिवट भाग हा. मला वाटतं इथे बहुतेक जण कंटाळून सोडून देतात, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत पदवीवरचं नाव त्यांना उघडं पाडतं. म्हणून सोडू नका.

दहावी-बारावीसाठी अर्ज शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत राज्य मंडळाच्या विभागीय मंडळाकडे जातो. अशी विभागीय मंडळं नऊ आहेत. तुमची परीक्षा ज्या विभागात झाली तिथेच जायचं, आज राहता तिथे नाही. शाळेत जनरल रजिस्टर नावाची वही असते, शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरून लिहिला जातो. शाळा सोडल्यानंतर त्या वहीत खाडाखोड करता येत नाही, असं मुख्याध्यापक सांगतील. तुम्ही खाडाखोड मागत नाही आहात. जुनी नोंद जशीच्या तशी ठेवून शेऱ्याच्या रकान्यात 2019 च्या कायद्याखालच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि नवं नाव लिहावं, आणि सुधारित दाखला द्यावा, एवढीच मागणी आहे. असं नेमकं लिहून दिलं की मुख्याध्यापकांनाही मार्ग सापडतो. मुख्याध्यापक तयार नसतील तर अर्जाची प्रत नोंदणीकृत टपालाने शिक्षणाधिकारी आणि विभागीय मंडळ दोघांनाही पाठवा.

विद्यापीठाचा अर्ज परीक्षा विभागाकडे. ‘आधी दहावीचं बदलून आणा, मग बारावी, मग आमच्याकडे या’ हे उत्तर हमखास मिळतं. अशाच अडवणुकीच्या एका प्रकरणात 2025 मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने एका ट्रान्सजेंडर डॉक्टरला नव्या नावाची आणि लिंगाची शैक्षणिक प्रमाणपत्रं द्यायचा आदेश दिला. वाट बघत न बसता शाळा, मंडळ, विद्यापीठ या तिघांकडे अर्ज एकाच आठवड्यात टाका. तारखा एकत्र पडल्या की कुणालाही ‘तुम्ही आधी अर्जच केला नाही’ म्हणता येत नाही. डॉक्टर, वकील, परिचारिका, औषधनिर्माते यांनी आपापल्या परिषदेच्या नोंदवहीतलं नावही बदलून घ्यावं.

जन्मदाखल्यासाठी जन्म जिथे नोंदला गेला तिथली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्तीची तरतूद चुकीच्या नोंदीपुरती आहे, असं सांगून निबंधक हात वर करतात. त्यावर 2019 च्या कायद्याच्या कलम 7 मधला जन्मदाखल्याचा थेट उल्लेख दाखवा. डिसेंबर 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशा अर्जावर जुनं आणि नवं दोन्ही नाव व लिंग दाखवणारा सुधारित दाखला द्यायला सांगितलं. दोन्ही नावं असलेला दाखला मनाला खटकतो. पण हा कागद रोज कुणाला दाखवावा लागत नाही, आणि दुवा म्हणून तो भक्कम आहे, म्हणून मिळत असेल तर घ्या.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांना हात लावताना विशेष जपा. मूळ प्रती कुठेही कायमच्या जमा करू नका. वैधतेचा सगळा पुरावा वडिलांकडच्या नात्यावर आणि जुन्या शाळेच्या दाखल्यांवर उभा असतो. म्हणून मधलं नाव किंवा आडनाव बदलणाऱ्यांनी आधी वकिलाला किंवा जात पडताळणी समितीच्या कार्यालयात विचारूनच पुढे जावं.

जमीन, घर आणि घरच्यांचे कागद

सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर राजपत्र आणि प्रमाणपत्र जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, फेरफाराचा अर्ज द्या. जुनं खरेदीखत पुन्हा लिहायची गरज नसते, त्याच्यासोबत नावबदलाचे कागद ठेवले की भागतं. सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर नवं नाव चढवून घ्या, त्यापाठोपाठ वीजबिल.

मग आई-वडिलांचे कागद बघा, जर बोलणं चालू असेल तर. त्यांच्या विम्यात, पीएफमध्ये, ठेवींत नॉमिनी म्हणून जुनं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असं नातं लिहिलेलं असतं. मृत्युपत्रातही तेच. वेळ आल्यावर भाऊबंदांपैकी कुणी ‘या नावाची व्यक्ती अस्तित्वातच नाही’ म्हणायला उठू शकतो. आई-वडिलांनी हयातीत नॉमिनीचं नाव बदलून दिलं तर उत्तम, नाही तर निदान तुमची फाईल पूर्ण ठेवा.

अडवलं तर

तोंडी नकार स्वीकारू नका. ‘हे होत नाही’ म्हणाले की ‘तसं लेखी द्या’ म्हणा. लेखी देत नसतील तर अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोच घ्या. 15 दिवस उलटले की नियमांचा उल्लेख करून स्मरणपत्र, नंतर माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली’ एवढाच प्रश्न. या प्रश्नाने फाईल हलते. जिल्ह्यातल्या समाजकल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय पत्र देऊन मदत करू शकतं. मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दूरध्वनी 15100. मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या जुन्या संस्थांनाही असे अर्ज परिचयाचे आहेत.

आणि शस्त्रक्रिया झाली का, कुठे झाली, कशी झाली, हे विचारायचा अधिकार कुठल्याही क्लार्कला नाही. प्रमाणपत्र दाखवलं की तुमचं उत्तर देऊन झालं. एकट्याने जाऊ नका, शांत डोक्याचं एक माणूस सोबत न्या, जे तुम्ही गप्प झालात तर बोलेल आणि पोचपावती न विसरता घेईल.

सगळं झाल्यावर सहा महिन्यांनी एकदा सिबिलचा (कर्ज आणि कार्डांच्या नोंदींचा) अहवाल आणि आयकर पोर्टलवरची वार्षिक माहिती उतरवून बघा. जुन्या नावाखाली अजून एखादं खातं, कार्ड किंवा ठेव निघाली तर त्या एका ठिकाणी तीच फाईल घेऊन जा. डिजिलॉकरमधले जुने कागद काढून नवे ओढून घ्या, आणि फास्टॅग, गॅस जोडणी, वाचनालय, जिम, ऑनलाइन खरेदीचे पत्ते अशी उरलीसुरली नावं एखाद्या निवांत रविवारी बसून बदलून टाका.